लोहाचा समुद्र आणि प्राणवायू

काही विंधनविहिरींचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते. परंतु हंड्यात काही तास राहिले की त्याला तांबूस छटा येते व तळाशी गाळ बसतो. जमिनीखाली प्राणवायूच्या अभावी लोह पाण्यात विरघळलेले असते. हवा लागताच ते गंजते आणि खाली बसते. पृथ्वीच्या बाल्यावस्थेत हीच क्रिया महासागरांत घडली, आणि तिला मोठ्या अंशी कारण झाले ते डोळ्यांना न दिसणारे जीव.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. तिच्या आयुष्याच्या पूर्वार्धात वातावरणात मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांतून येणारे लोह त्यामुळे पाण्यातच विरघळून राही. अशा समुद्रात जीवन रुजले. ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सूक्ष्मजीवांनी रचलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे खडक आढळतात. लोह मुबलक असल्यानेच जीवांच्या अनेक मूलभूत प्रथिनांत त्याला स्थान मिळाले, असे शास्त्रज्ञ मानतात.

पुढे नीलहरित जीवाणू सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून अन्न निर्माण करू लागले. प्राणवायू हा त्यांचा टाकाऊ पदार्थ होय. तो लोहाशी संयोग पावला आणि समुद्रतळावर लोह व सिलिका यांचे एकाआड एक थर साचले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली येथे असे पट्टेदार खडक विस्तीर्ण पसरलेले आहेत. आपल्या गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिजही अशाच पट्टेदार खडकांशी निगडित आहे.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत साचू लागला. अनेक जुन्या जीवांना तो विषासमान होता. त्यांच्यापैकी काहींचे वंशज आज चिखलात व गुरांच्या पोटात टिकून आहेत. इतरांनी त्याच्याच साहाय्याने अन्नातून कितीतरी अधिक ऊर्जा मिळवली. मोठ्या प्राण्यांचे जीवन त्या ऊर्जेवर उभे राहिले. मात्र समुद्रातील लोह दुर्मीळ झाले. आज अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात इतर पोषकद्रव्ये भरपूर असूनही लोहाअभावी सूक्ष्म वनस्पती पुरेशा वाढत नाहीत. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन मात्र लोहाच्याच बळावर प्राणवायू वाहून नेते. जुन्या समुद्राचा तो वारसा आपण अंगी बाळगून आहोत.

जीवांनी समुद्र बदलला आणि बदललेल्या समुद्राने जीव बदलले. या देवघेवीला कोट्यवधी वर्षे लागली. आज मानव सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो. परंतु सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्या फरकाने आम्लता पाव भागाहून अधिक वाढते. शिंपले व प्रवाळ यांना कवच घडविणे त्यामुळे कठीण होते. नीलहरित जीवाणूंना आपल्या कृतीचा परिणाम ठाऊक नव्हता. आपल्याला तो ठाऊक आहे, आणि वर्गात शिकलेल्या विज्ञानाची जबाबदारी येथूनच सुरू होते.