बिनखात्याचा मंत्री

हिंजवडीत एका जर्मन कंपनीच्या केंद्रात मी आयटी ऑपरेशन्सचा प्रमुख होतो. हाताखाली दोनशेच्या वर माणसं, कार्डावर ‘डायरेक्टर’. पण शंभर लॅपटॉप घ्यायचे म्हटलं तरी मंजुरी मुख्यालयातून यायची, कारण कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचं खातं, माझ्या नावावर नव्हतं. थोडक्यात, बिनखात्याचा मंत्री.

मग फेररचना झाली आणि आमचं सपोर्टचं काम पोलंडला गेलं. मला ते सगळ्यांबरोबरच, टाऊनहॉलमध्ये कळलं. निर्णय आधीच्या शरदातच बजेटच्या आकड्यांत होऊन गेला होता. त्या शीटवर ज्यांची नावं होती त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

त्यामुळे मॅनेजरपदाची ऑफर आली की पगाराच्या आधी हे विचारा: किती रकमेपर्यंत माझी सही चालते? सॉलिड लाइन (थेट वरिष्ठ) कुणाकडे, डॉटेड (कामापुरता वरिष्ठ) कुणाकडे, आणि अप्रेझलचं रेटिंग यातलं कोण देतं? उत्तर गोलमोल आलं तर पद आहे, अधिकार नाही, एवढं समजून जा. तरीही नोकरी घ्यायला हरकत नाही. फक्त पहिल्या वर्षातच एखादं छोटं बजेट मागून घ्या. सॉफ्टवेअर लायसन्सचं नूतनीकरण मागितलंत तर सहज मिळतं, कारण ते कुणालाच नको असतं. कित्येक करार साठ किंवा नव्वद दिवस आधी नोटीस दिली नाही तर आपोआप पुढे चालू राहतात. त्या तारखा ज्याच्याकडे असतात, त्याला फायनान्सवाले स्वतःहून फोन करतात.

आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं; जर्मनीत बहुतेक कंपन्यांचं जानेवारीला. म्हणजे पुढच्या वर्षाच्या बजेटच्या आकड्यांची ओढाताण ऐन नवरात्र-दिवाळीत. सुट्टी जरूर घ्या, पण आपले आकडे पाठवून मग घ्या.

पीएमपी, आयटीआयएल करायचं तर करा, सीव्हीवर बरं दिसतं. प्रत्येक देशाचा कायदा मात्र कुठल्याच सर्टिफिकेटमध्ये येत नाही. आम्ही लॅपटॉपवर नजर ठेवणारं एक टूल सगळ्या देशांत बसवायला निघालो. पुण्यात एका ईमेलवर काम झालं. जर्मनीत ते ‘बेट्रीब्सराट’पुढे गेलं. हे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकेल अशी कुठलीही यंत्रणा आणायची, तर 1972 च्या कायद्यानुसार त्यांची संमती लागते. बैठकीत एका बाईंनी शांतपणे विचारलं, “यात कोण किती वाजता जेवायला उठलं, ते दिसतं का?” दिसत होतं. प्रकल्प महिनोन्‌महिने अडकला, आणि शेवटी तो रकाना झाकून, लॉग किती दिवस ठेवायचे हे लेखी ठरवूनच सुटला. तेव्हापासून कुठल्याही प्रकल्पाचा आराखडा मांडण्याआधी मी त्या त्या देशाच्या एचआरला फोन लावतो.

जर्मन शिकावं का, असं नवी मुलं विचारतात. पुण्यात मॅक्स म्यूलर भवन आहेच, शिकावं. मीटिंगा इंग्रजीत होतात, पण बेट्रीब्सराटशी झालेला करार जर्मनमध्ये लिहिलेला असतो, आणि आपल्याला मिळतो तो बहुतेक वेळा कुणीतरी केलेला त्याचा सारांश.