दुसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम कसा आंखावा?

आपल्या मुलास इंग्रजी किती वर्षांत येईल, असें पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. आमच्या मतें त्याअगोदर निराळाच प्रश्न विचारला पाहिजे : मुलास मध्येंच शाळा सोडावी लागली, तर तोंवर शिकलेल्या भाषेचा त्याला काय उपयोग होईल?

मायकेल वेस्ट ह्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनीं बंगाल्यांत ढाका येथें असतां हाच प्रश्न हातीं घेतला, व १९२६ सालच्या आपल्या द्विभाषिकत्वावरील ग्रंथांत त्याचा ऊहापोह केला. विम्याचे हप्ते मध्येंच थांबले, तरी विमेदारास कांहीं रक्कम परत मिळते. तद्वत् अपुऱ्या शिक्षणाचेंही मोल पदरांत पडावें, असें त्यांचें म्हणणें होतें. तेथील मुलांस इंग्रजी बोलण्याचे प्रसंग थोडे. पण वाचतां आल्यास शाळा सुटल्यावरही ज्ञान मिळवितां येतें. म्हणून त्यांनीं वाचनास अग्रस्थान दिलें.

अभ्यासक्रम आंखतांना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गरज. शिकणारा कोण, व त्याला भाषा कशासाठीं पाहिजे, हें आधीं ठरलें पाहिजे. दुसरी निवड. भाषेंत शब्द असंख्य असले, तरी नित्य उपयोगांत थोडेच पुनःपुन्हा येतात. वेस्ट यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या यादींत सुमारें २००० मूळ शब्द आहेत. तिसरी क्रम. जेथें दोन भाषांची रीत सारखी, तेथें रेंगाळूं नये. जेथें ती भिन्न, तेथें वेळ द्यावा. ‘मी आंबा खातो’ ह्यांत क्रियापद शेवटीं येतें; इंग्रजींत तें कर्माच्या आधीं येतें. उलट, मराठी शिकणाऱ्या इंग्रजास ‘तो डोंगर, ती नदी, तें झाड’ हा लिंगभेद कठीण जातो. म्हणजे एकच पुस्तक सर्वांस चालत नाहीं. चौथी गोष्ट पुनरावृत्ति. नवा शब्द एकदां भेटून मनांत राहत नाहीं. पुढच्या धड्यांतून तो पुनः भेटला पाहिजे.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवूं लागले. आज बोलण्याचे व ऐकण्याचे प्रसंगही वाढले आहेत; तेव्हां केवळ वाचन पुरेसें नाहीं. तथापि वेस्ट यांची कसोटी आजही खरी आहे. पालकांनीं वर्षअखेर केवळ गुण न पाहतां, मुलास अनोळखी उतारा वाचून समजतो काय, व दोन वाक्यें स्वतःचीं बोलतां येतात काय, हें पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पाठ केलेलीं उत्तरें परीक्षेबरोबर संपतात. समजून घेतलेला एक धडा मात्र पुढील दहा पुस्तकांचें दार उघडतो.