निळ्या आभाळाखालचा पूर

पुराआधी ढग दिसायची आपल्याला सवय. हिमाचलातल्या लाहौल भागात हिमनदीच्या नाल्यांना ढग लागत नाहीत. तिथे आभाळ जितकं निळं आणि ऊन जितकं कडक, तितकं दुपारी पाणी जास्त.

ग्राम्फूहून बातलकडे जाताना चंद्रा नदीकाठी असे नाले रस्त्यावरूनच वाहतात. एका जुलैत छतडूच्या पुढे भर दुपारी आम्ही अशाच एका नाल्यापाशी आलो. आमचा चालक तिथलाच. त्याने इंजिन बंद केलं, कान दिला आणि आज पलीकडे जायचं नाही म्हणाला. पाण्याच्या खळखळाटाखाली दगडावर दगड आपटल्याचा जड, दबका आवाज येत होता. मागून आलेली एक गाडी मात्र आत घुसली. मध्यावर चाक धोंड्यांत अडकलं, दारापर्यंत पाणी चढलं. माणसांना दोर लावून काढलं. गाडी रात्रभर तिथेच राहिली. पहाटे तोच नाला आम्ही घोटाभर पाण्यातून ओलांडला.

उन्हाने वितळलेलं पाणी वरून खाली यायला काही तास लागतात. म्हणून ते संध्याकाळपर्यंत चढत जातं, रात्री ओसरतं, पहाटे सगळ्यांत कमी असतं. याच रस्त्याने चंद्रताल सरोवराला जाणाऱ्यांनी नाल्याच्या अलीकडेच मुक्काम करावा, उजाडताच निघावं. पलीकडच्या तंबूचं आगाऊ भाडं बुडालं तर बुडू द्या.

नाल्यात पायी उतरायचंच असेल तर बूट काढू नका, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा. पाणी दुधट असतं, तळ दिसत नाही. गुडघ्यापर्यंत चढलं की परत फिरा. आणि पाणी एकाएकी आटलं तर मुळीच आत जाऊ नका. वर दरड कोसळून प्रवाह तुंबलेला असू शकतो, आणि तो बांध केव्हाही फुटतो.

नाला डोंगरातून बाहेर पडतो तिथली पसरट जागा तंबूसाठी फार मोहात पाडते. ती पुरांनीच आणून टाकलेली दगडमाती असते. उत्तरकाशीतलं धराली अशाच जागेवर वसलेलं. तिथलं कल्पकेदार मंदिर पूर्वीही गाळात गाडलेलं होतं. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगा नाल्याचा लोंढा आला आणि ते पुन्हा गाडलं गेलं. घरं, हॉटेलंही गेली. महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू त्या भागात अडकले होते. समोरच्या मुखबा गावातले लोक त्या वेळी शिट्या मारत, ओरडत खालच्यांना सावध करत होते. पहाडात अशी शिटी ऐकली की काय झालं ते बघायला थांबू नका. सामान टाका आणि नाल्यापासून बाजूला, चढाकडे पळा.