गावी राहायला जाताय? आधी स्वयंपाकघराचा हिशेब मांडा

मुंबई-पुण्यातलं बिऱ्हाड उचलून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या गावच्या घरी मुलाबाळांसह कायमचं जायचं ठरवलं असेल, तर ट्रकची चौकशी नंतर करा. आधी गॅस, पाणी, शाळा आणि आठवड्याची भाजी या चार गोष्टी पक्क्या करा. यात गफलत झाली की गावातही मॅगी, बिस्किटं आणि बटाट्याची भाजी यांवरच दिवस निघतात, आणि पैसे शहराइतकेच जातात. गावात गेलं की खाणं आपोआप सुधारतं, हा समज सोडा. कोकणातल्या बहुतेक गावांत टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, कांदा-बटाटा घाटावरूनच येतो. बऱ्याच ठिकाणी दूधही पिशवीतलंच मिळतं. त्या वाहतुकीचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

केव्हा जायचं?

मे महिन्यात, तोही पहिल्या पंधरवड्यात. शाळांना सुट्टी असते, वाडीचा रस्ता कोरडा असतो आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठ्याची, खरेदी करायला बाजार भरलेला असतो. मुख्य म्हणजे विहिरीचं पाणी तेव्हा सगळ्यात खाली गेलेलं असतं. मे महिन्यात तुमच्या कुटुंबाला पाणी पुरलं तर वर्षभर पुरेल. गणपतीत भरलेली विहीर पाहून निर्णय घेऊ नका.

ट्रकवाल्याकडून भाव लेखी घ्या. त्यात चढवण्याची हमाली, उतरवण्याची हमाली आणि टोल धरला आहे का, हे वेगवेगळं विचारा. मोठा ट्रक वाडीत शिरत नसेल तर शेवटच्या टप्प्याला छोटा टेम्पो लागतो. त्याचं भाडं कोण देणार, हे आधी ठरलं नाही तर ते तुमच्यावरच येतं. भुशाच्या फळ्यांची कपाटं आणि सोफा नेऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि सोफ्याला बुरशी धरते. त्या जागेत घट्ट झाकणाचे डबे न्या, जितके मिळतील तितके.

घराचे कागद

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. प्रत्येकी शुल्क २० रुपये, मुदत पाच दिवस. पावती मागून घ्या. दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कोणी पाचशेचा स्टॅम्पपेपर आणायला सांगितला तर तसा नियम दाखवायला सांगा.

घर भाऊबंदांत सामायिक असेल तर घरपट्टी, वीजबिल आणि विहिरीचा पंप कोण कशाचे पैसे भरणार, ते राहायला जाण्याआधी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. वीजबिलावर आजोबांचं नाव असेल तर महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज करावा लागतो आणि त्यालाही वारसांची संमती लागते. अर्जाआधी मागची थकबाकी पाहा. बंद घराचं बिल वर्षानुवर्षं साचलेलं असू शकतं आणि जोडणी चालू ठेवायची तर ते भरावंच लागतं.

आधारवरचा पत्ता बदलायला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये लागतात. मुलांचं पाच आणि पंधरा वर्षांचं सक्तीचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण वेळेत केलं तर मोफत होतं. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

गॅस

तुमच्याकडे सिलिंडरची जोडणी असेल तर जुन्या एजन्सीत गॅसचं पुस्तक, सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून बदलीचं व्हाउचर घ्या आणि अनामत परत घ्या. शेगडी तुमचीच राहते. गावाकडच्या त्याच कंपनीच्या एजन्सीत ते व्हाउचर, आधार आणि पत्त्याचा पुरावा देऊन नवी अनामत भरायची.

इथे खर्च दडलेला आहे. जुनी अनामत परत मिळते ती तुम्ही त्या काळी भरली तेवढीच, नवी मात्र आजच्या दराने भरावी लागते. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये असा दर आहे. पावसात गॅसची गाडी गावात रोज येत नाही, म्हणून दोन सिलिंडर घ्याच. म्हणजे अनामतीचेच ४,६५० रुपये झाले, शिवाय रबरी नळी आणि जोडणीचे किरकोळ पैसे वेगळे. मुंबईत पाइपचा गॅस असेल तर तो बंद करून त्याची अनामत परत मागा. ती आपोआप खात्यात येत नाही.

एजन्सी नवी शेगडी घेण्याची सक्ती करू शकत नाही. सिलिंडरच्या किमतीत नोंदवलेल्या पत्त्यापर्यंतची पोच धरलेली असते, वर पैसे मागितले तर पावती मागा. गोदामातून सिलिंडर स्वतः आणलात तर उलट बिलात सूट मिळते आणि ती मागावी लागते. तक्रारीसाठी १८००-२३३३-५५५, गळतीसाठी १९०६.

आंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर तापवा, लाकडं गावात मिळतात. पण घरात लहान मूल असेल तर रोजचा स्वयंपाक बंद खोलीतल्या चुलीवर करू नका. गॅसचे वाचलेले पैसे मुलाच्या खोकल्यावर जातात.

पाणी

ग्रामपंचायतीत विचारा, गावाला कोणतं कार्ड मिळालंय? महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावांना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. लाल म्हणजे धोका जास्त. घरची विहीर वापरणार असाल तर तिचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या उपविभागीय किंवा जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. जंतूंसाठी एकदा आणि क्षारांसाठी एकदा, अशा दोन्ही तपासण्या मागा. जंतूंसाठीचा नमुना त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत न्यायचा असतो, घरातली पाण्याची बाटली चालत नाही. नमुना कधी आणि कसा पोचवायचा, हे गावचा जलसुरक्षक सांगेल.

आरओ मशीन घेण्याची घाई करू नका. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर ते भारतीय मानकानुसार स्वीकारार्ह आहे. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा याहून खूप हलकं असतं. तिथे आरओ लावणं म्हणजे पाणी, वीज आणि दरवर्षीच्या फिल्टरचे पैसे वाया घालवणं. खाऱ्या पट्ट्यातली किनाऱ्याजवळची विहीर मात्र अपवाद, तिथे अहवाल पाहूनच ठरवा. बाकीच्यांना गाळून उकळलेलं पाणी पुरतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर तासभर पाणी काढू नका. पावडर जुनी, ओली झालेली असेल तर तिचा उपयोग नाही.

शाळा आणि दुपारचं जेवण

लागणारे कागद: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, मुलाचं आधार. दाखला येईपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. जुन्या शाळेनं मुलाची ऑनलाइन नोंदही सोडायला हवी, ती सोडली का हे फोन करून विचारत राहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही. देणगी कोणी मागितली तर ती ऐच्छिक आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मोफत मिळतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. तालुक्याच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालणार असाल तर फी, गाडीभाडं आणि रोजचा डबा, तिन्ही खर्च धरा. सहा वर्षांखालच्या मुलाचं नाव अंगणवाडीत घाला. आहार आणि वजनाची नोंद मोफत होते. लसीकरणाचं माता-बाल कार्ड शहरातून विसरू नका.

रेशन

धान्यासाठी कार्ड लगेच बदलण्याची गरज नाही. आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं असेल तर एक देश एक रेशन कार्ड योजनेत गावच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, मोफत. पण ग्रामीण भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे, शहरात ती ५९,००० आहे. पांढरं कार्ड असेल तर धान्य नाही, हिशेबात धरू नका. कार्डावरचा पत्ता पुढे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत बदला, दलाल लागत नाही.

किती धान्य, किती भाजी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २,००० कॅलरींच्या दिवसाचं ताट सांगितलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं मिळून अंदाजे अशी तीन ताटं धरा. महिन्याला धान्य साडेबावीस किलो, कडधान्य साडेसात किलो, तेल-तूप अडीच किलोच्या आत. भाजी आठवड्याला साडेआठ किलो. पावसाळ्याच्या चार महिन्यांची आगोट म्हणजे ९० किलो धान्य आणि ३० किलो कडधान्य. एवढ्या खरेदीची रक्कम मे महिन्यात एकदम लागते, ती सामान हलवण्याच्या पैशांतून वेगळी काढून ठेवा.

धान्यात नाचणी आणि उकडा तांदूळ घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मुलांच्या आंबोलीत, भाकरीत ती सहज खपते. तांदूळ शेजारच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि गिरणीत कमी पॉलिश करायला सांगा. कडधान्यात कुळीथ आणि वाल स्थानिक मिळतात. कडधान्य दोन उन्हं देऊन मगच डब्यात भरा, नाहीतर जुलैत टोके पडतात.

साडेआठ किलो भाजी हाच खरा पेच आहे. बाजार आठवड्यातून एकदा: कुडाळला बुधवारी, सावंतवाडीला मंगळवारी, मालवणला सोमवारी. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग भेंडी-दोडका, शेवटी लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी. बाजाराला बाईमाणसानं गेलं तर एसटीचं भाडं निम्मं पडतं, ही सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना राज्यात एसटी मोफत आहे. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, भारंगी, अळू या भाज्या फुकट किंवा अगदी स्वस्त मिळतात. पण ओळख असलेल्या माणसाकडूनच घ्या, स्वतः रानातून खुडू नका.

परसबागेवर पहिल्या वर्षी भिस्त ठेवू नका. माकडांचा त्रास असलेल्या गावात काकडी, पडवळ हाताला लागत नाही. अळू, शेवगा, कढीपत्ता, मिरची, लाल माठ, आणि जमिनीखाली वाढणारे सुरण-कणगर लावा. महागडं जाळीचं कुंपण घेण्याआधी शेजाऱ्याचं किती टिकलं ते पाहा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग होते. सुकी मासळी मेमध्येच भरा, पण चांगली धुऊन, भिजवून वापरा. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या वर मीठ नको, आणि खारवलेल्या सुक्या मासळीनं ती मर्यादा पटकन ओलांडते. या दोन महिन्यांत अंडी आणि कुळथाचं पिठलं यांवर प्रथिनं भागवा. वादळात वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून फ्रीज भरून ठेवू नका.

घरातली वाटणी

मुलं शाळेतून भुकेली येतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांची पाकिटं लटकत असतात. आजी-आजोबा प्रेमाने पैसे देतात. त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला: खाऊ द्यायचाच, पण चिक्की, केळं, उकडलेले शेंगदाणे. रोज एक पाकीट म्हटलं तर महिन्याला १५० रुपये एका मुलाचे, आणि तेवढ्यात आठवड्याला अर्धा डझन तरी केळी येतात.

गावच्या घरात पाणी भरणं, धान्य निवडणं, अंगण, जनावरं ही कामं शहरापेक्षा जास्त असतात आणि न ठरवता ती सगळी घरातल्या बाईवर पडतात. मग थकून तळलेलं आणि विकतचं पानात येतं. जाण्याआधी कामं नावानिशी वाटा. पाणी आणि बाजार पुरुषांकडे द्या, आणि मदतनीस बाई ठेवणार असाल तर तिचा पगार पहिल्या महिन्यापासून खर्चात धरा.

नवरा किंवा बायको नोकरीसाठी शहरातच राहणार असेल, तर भाडं, गॅस, जेवण आणि दर पंधरा दिवसांची ये-जा मिळून तुमची दोन स्वयंपाकघरं चालतील. हा दुहेरी खर्च सहा महिने कर्ज न काढता झेपत असेल तरच मुलांचा दाखला काढा. नसेल तर जाणं पुढच्या मेवर टाका.