विकेटांचा रकाना खोडून टाक

वाघोली

चि. बाळू,


तुझी यादी मिळाली. सोळा वर्षांखालच्या संघासाठी बॉलर निवडायचे म्हणून तू प्रत्येक मुलापुढे मॅच, षटकं, विकेट, सरासरी असे रकाने पाडलेस आणि विकेटांच्या उतरत्या क्रमाने नावं लावलीस. मेहनत दिसते. आता त्यातला विकेटांचा रकाना खोडून टाक, सरासरीचाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मनातलं तेच करतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी विकेट कशा पडतात ते आठव. मॅटिंगवर बॉल उसळतो, समोरचा पोरगा खांद्याएवढ्या उंचीच्या बॉलला बिचकतो, डोळे मिटून बॅट फिरवतो आणि कॅच उडतो. आखूड टप्प्याचा जोरकस बॉल टाकणाऱ्याला अशा पाच विकेट मिळतात. त्याच मॅचमध्ये दुसरा कुणी बॉल पुढे ठेवून बाहेर काढत असतो. त्याला कव्हरमधून चौकार बसतात, कड लागली तर स्लिपमध्ये कॅच सुटतो, कारण या वयात स्लिपला उभं राहायला कुणालाच आवडत नाही. तुझ्या वहीत पहिला सगळ्यात वर, दुसरा तळाशी. तीन वर्षांनी टर्फवर, बॅकफूटवर जाऊन पुल मारणाऱ्या बॅट्समनपुढे पहिल्याचं काय होतं ते तूही पाहिलं आहेस.

मग बघायचं काय? नेटमागे अंपायरच्या जागी उभं राहून सगळं दिसतं असं समजू नकोस. स्क्वेअर लेगला जा, पुढचा पाय पडतो त्या रेषेत उभा राहा. रनअप शेवटच्या पावलांत मंदावतो की वाढतो, पुढचा गुडघा वाकून बसतो की शरीराला तोलतो, डोकं डावीकडे कलंडतं का, ते तिथून कळतं. नंतर बॅट्समनच्या मागे जा आणि फक्त मनगट आणि शिवण बघ. शिवण सरळ उभी राहून येत असेल तर तो मुलगा शिकवण्याआधीच काहीतरी घेऊन आलेला आहे. वेग अंगाबरोबर थोडाफार वाढतो, मनगटाची ती ठेवण मात्र फार थोड्यांना बाहेरून देता येते. निदान माझा अनुभव असा आहे, दुसरे कोच वेगळं सांगतील.

आणि पहिलं षटक बघून वही मिटू नकोस. पहिलं सगळ्यांचंच चांगलं पडतं. सहावं बघ. दमल्यावर ज्याची अ‍ॅक्शन तशीच राहते त्याच्या नावापुढे खूण कर. चौकार बसल्यावर पुढचा बॉल कसा येतो तेही बघ. रागाने आखूड येतो, घाबरून हळू येतो, की तोच टप्पा पुन्हा येतो? तोच पुन्हा टाकणारा मिळाला तर त्याला सोडू नकोस, मग त्या दिवशी त्याच्या नावावर शून्य विकेट असल्या तरी.

वयाचं बोलायला हवं. क्रिकेट बोर्डाची वयोगटाची रेषा १ सप्टेंबरची. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला, दोघं एकाच गटात, पण मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षात पोरगा केवढा वाढतो हे तुझ्या आईला विचार, तुझ्या पँटी कितीदा बदलल्या ते ती सांगेल. त्यातही काहींची वाढ लवकर होते, काहींची उशिरा. म्हणूनच डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. वय चोरणारे पकडायला ती तपासणी आली हे खरं, पण तुझ्यासाठी तिचा अर्थ निराळा आहे. तुझ्या यादीतला पहिल्या नंबरचा, मिसरूड फुटलेला उंच मुलगा, त्याचा जन्मदाखला अगदी खरा असला तरी तो इतरांच्या आधी वाढून बसलेला आहे. अढीतला पहिला पिकलेला आंबा सगळ्यात गोड निघतोच असं नाही. त्याला काढ असं मी म्हणत नाही. त्याच्या आईवडिलांची उंची बघ, त्याचा पाय बुटात अजून वाढतोय का विचार, आणि बाकीचे त्याच्याएवढे झाल्यावर त्याच्याकडे काय शिल्लक राहील ते लिही.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ खालच्या लीगांतले पिचर असेच वर्षानुवर्षं जोखतात. त्यांच्या स्काउटांची एक रीत आपण उचलावी अशी आहे. वेग, वळण, नियंत्रण अशा प्रत्येक गुणाला ते २० ते ८० मधला आकडा देतात, आणि आकडे दोन असतात: एक आजचा, एक तो पूर्ण तयार होईल तेव्हाचा. तूही रकाना खोडलेल्या जागी दोन घरं कर. आकडे नको असतील तर शब्द लिही. पण ‘आज’ आणि ‘पुढे’ वेगळं लिहिल्याशिवाय डोकं साफ होत नाही. शिवाय तीन-चार महिन्यांनी मागचं न वाचता नवं लिही आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेव.

त्याच बेसबॉलमधली उलटी गोष्टही ऐकून ठेव. ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भारतात झाली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोन तरुण. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. रिंकूने ताशी ८७ मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात १४० किलोमीटरच्या वेगाने बॉल फेकला आणि एक लाख डॉलर जिंकले. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. पोरं जिगरबाज होती, रिंकू काही वर्षं खालच्या लीगांत टिकला, पण मेजर लीगपर्यंत दोघांतला एकही पोचला नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. तुमच्या अकादमीने स्पीड गन घेतली आहे ना? ती वापर. फक्त पालकांसमोर वापरू नकोस. आकडा दिसला की पोरगा शिवण विसरतो आणि बाप मोबाइल काढतो.

उशिरा फुलणाऱ्यांबद्दल तुला वेगळं सांगायला नको, नगर रोडनेच पुढे गेलं की त्यांचं उदाहरण लागतं. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली घडला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये. रणजी सुरू झाली ती बडोद्याकडून. २००० साली नैरोबीत भारताकडून उतरला, आणि कसोटीत ३११ विकेट घेऊन थांबला. नगर जिल्ह्यातला एवढा बॉलर महाराष्ट्राच्या टोपीत रणजी खेळलाच नाही, हे मला अजून लागतं. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा उमेश यादव तर विसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलनेच टाकत होता. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये कसोटी. सोळाव्या वर्षाच्या कुठल्या यादीत तो बसला असता? आणि एमआरएफमध्ये १९८७ साली फास्ट बॉलर व्हायला गेलेल्या एका मुंबईच्या पोराला डेनिस लिलीने बॅटिंगकडे लक्ष दे म्हणून परत पाठवलं, तो सचिन. नाही म्हणणंसुद्धा नीट जमलं पाहिजे.

म्हणून वाघोलीतच जरा डोळे उघडे ठेव. २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं, बिल्डिंगी उठल्या, मोकळी जागा दिसेनाशी झाली. तुझ्या नेटमध्ये येतात ती सोसायट्यांमधली, फी भरणारी मुलं. चांगली आहेत, पण त्यातली निम्मी संध्याकाळी बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर दोन पावलांचा रनअप घेऊन बॉल टाकतात आणि तीच सवय तुझ्याकडे घेऊन येतात. दगडखाणींवरच्या वस्तीतली पोरं मात्र खडबडीत जमिनीवर टेनिस बॉलने यॉर्कर घालतात. टेनिस बॉलला जोर लावल्याशिवाय वेग येत नाही, त्यामुळे त्यांचा खांदा लवकर तयार होतो. मनगट मात्र कच्चं राहतं, आणि सीझन बॉल हातात आला की पहिले काही महिने तो लेग साइडला जातो. ते वाइड मोजू नकोस. तुझ्या यादीत शेवटून दुसरा आहे तो डावखुरा त्यातलाच ना? मी त्याला केसनंद फाट्याकडच्या एका स्पर्धेत पाहिला आहे. त्याचा ‘आज’ कमी लिही, ‘पुढे’ जास्त. आणि त्याची फी अकादमीकडून माफ करून घे. स्पाइक्सचं मी बघतो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. यादीत पाचव्या नावापुढे तू बारीक अक्षरात ‘पाठ दुखते म्हणतो, पण टाकतोय’ असं लिहिलंस. बाळू, हे शेवटच्या रकान्यातलं काम नाही. उजव्या हाताने टाकणारा, कमरेच्या वर डाव्या बाजूला दुखतं, मागे वाकलं की जास्त दुखतं, असं असेल तर त्याला उद्यापासून बॉल देऊ नकोस. वाढत्या वयाच्या फास्ट बॉलरच्या खालच्या मणक्यांत बारीक चीर पडते. साध्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. लवकर पकडली तर विश्रांतीने भरून येते. तसंच टाकत राहिला तर वर्षं जातात. पुढचा पाय पडताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या मणक्यांवर येतो. ज्यांची कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे असतात, आपण मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतो, त्यांना धोका सगळ्यात जास्त. म्हणून स्क्वेअर लेगला उभं राहायला सांगितलं. अ‍ॅक्शन सुंदर नसली तर चालेल, मोडकी नको.

इंग्लंडच्या बोर्डाने फास्ट बॉलरांना वयोगटाप्रमाणे मर्यादा घातल्या: तेरा वर्षांखाली एका स्पेलमध्ये ५ षटकं, दिवसात १०, पंधरापर्यंत ६ आणि १२, सतरापर्यंत ७ आणि १८. बेसबॉलवाल्यांनीही २०१४ पासून वयाप्रमाणे दिवसाला किती पिच टाकायचे ते ठरवून दिलं, तेरा-चौदाच्या पोराला ९५, आणि वर सक्तीची सुट्टी. आपल्याकडे मुलगा सकाळी शाळेकडून खेळतो, दुपारी तुझ्या नेटमध्ये येतो, रविवारी कुठल्यातरी चषकात पाच मॅच. कुणीच बेरीज करत नाही. ती बेरीज तू कर. मुलांनाच वही दे, नेटमधले बॉलही त्यात धरायचे. त्यातला एखादा खोटं लिहील, लिहू दे, बाकीच्यांचं तरी कळेल.

आणि गुण असले तरी पुढचं सगळं मिळतंच असं नाही. सोलापुरात जन्मलेल्या सलील अंकोलाचं नाव तुझ्या पिढीला टीव्हीमुळे माहीत. महाराष्ट्राकडून पहिल्याच प्रथम दर्जाच्या सामन्यात हॅट्ट्रिक, वर्षभरात कराचीत सचिनबरोबर कसोटी पदार्पण, तीच त्याची एकमेव कसोटी. पायाच्या हाडातल्या गाठीने अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला. त्याआधीचे आमचे पांडुरंग साळगावकर, त्या काळात पुण्यात ज्यांच्या वेगाच्या गोष्टी सांगितल्या जात, त्यांना अधिकृत कसोटी कधी मिळालीच नाही. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पालकांना सांगायला सांगतोय. तुझ्याकडे येणारा बाप विजय मर्चंट, कूचबिहार, सी. के. नायडू, रणजी या पायऱ्या पाठ करून येतो, आणि २०२३ पासून गहुंज्याला महाराष्ट्र प्रीमियर लीग होते म्हणून त्याला मधल्या पायऱ्या गाळायच्या असतात. पोराला चौदाव्या वर्षी नकल बॉल शिकवा म्हणतो. त्याला चहा पाज, आणि नाही म्हण.

स्पिनरांबद्दल फार लिहीत नाही, ते तुझं क्षेत्र. त्या ऑफस्पिनरच्या कोपराबद्दल तुला शंका आहे ना? १५ अंश डोळ्याने मोजता येत नाहीत. नुसत्या शंकेवर त्याला सगळ्यांसमोर ‘थ्रो करतोस’ म्हणू नकोस. बाजूने व्हिडिओ काढ आणि मोठ्या कोचला दाखव.

निवड झाली की यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून मोकळा होऊ नकोस. जे राहिले त्या प्रत्येकाला बाजूला घेऊन स्वतः सांग, आणि तीन महिन्यांत करायचं एकच काम दे. एकच. दोन सांगितलीस तर एकही करणार नाहीत.

पाचव्या नंबरच्या मुलाच्या वडिलांना आजच फोन कर. एमआरआयचा खर्च त्यांना जड जात असेल तर मला कळव, आपण बघू. ताईला नमस्कार सांग, आणि गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे म्हणावं.

तुझा,
मामा