अद्ययावतीकरण आणि अपुरी जागा

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी मिळून २००१ साली ‘सिम्प्युटर’ नावाचे तळहातावर मावणारे संगणकयंत्र जगापुढे मांडले. ते लिनक्स प्रणालीवर चाले. त्यात फिरती चकती नव्हतीच. थोड्याशा मेगाबाइटांत सारा संसार उरकावा लागे. आज शेकडो गिगाबाइटांची चकती बाळगणाऱ्यास या काटकसरीची आठवण होते ती प्रणालीचे अद्ययावतीकरण मध्येच अडून ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश पडद्यावर उमटतो तेव्हा.

चकती तर निम्मी रिकामी, मग हे कसे? चकतीचे पुष्कळदा विभाग पाडलेले असतात, आणि संगणक सुरू होताना प्रथम लागणाऱ्या फाइली ‘बूट’ नामक लहानशा विभागात ठेवलेल्या असू शकतात. वाड्यातील दालने मोकळी असली, म्हणून देवघरात अधिक माणसे मावत नाहीत; तसेच हे. त्यातच प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला तरी जुना लगेच काढला जात नाही. नवा चालला नाही तर परतण्यास वाट असावी, हा हेतू शहाणपणाचाच. पण तीन-चार गाभे साठले की विभाग भरतो. मग नव्या गाभ्यासाठी रचावयाची आरंभीची फाइल अपुरी राहते.

अशा वेळी घाईने संगणक बंद करू नये. पुन्हा सुरू होताना तो नवा, अर्धवट गाभाच निवडण्याचा संभव असतो. तसे झालेच, तर आरंभीच्या यादीतून जुना गाभा निवडता येतो. एरवी प्रथम ‘डीएफ’ या आज्ञेने कोणता विभाग भरला ते पाहावे. मुख्य विभाग भरला असेल तर ‘एपीटी क्लीन’ ही आज्ञा उतरवून घेतलेली जुनी पॅकेजे पुसते. बूट भरला असेल तर तिचा काही उपयोग नाही. तेथे जुने गाभेच काढावे लागतात. चालू गाभा कोणता, हे ‘युनेम’ सांगते. त्यास हात लावू नये. फाइली हाताने पुसण्याचा मोहही टाळावा, कारण पॅकेजांच्या नोंदवहीस त्याचा पत्ता लागत नाही. काम ‘एपीटी’ अथवा ‘डीपीकेजी’ यांच्याकरवीच करावे आणि जागा झाल्यावर ‘डीपीकेजी’लाच अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करण्यास सांगावे.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. ईएक्सटी-४ पद्धतीच्या विभागात सामान्यतः शेकडा ५ भाग जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव असते. म्हणून आपणास चकती पूर्ण भरलेली दिसते, तेव्हाही व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालणारे अद्ययावतीकरण काही वेळ पुढे सरकत राहते, आणि अडते ते अगदी शेवटी.