पडद्यावरचे मासे

जिताडा मासा धरण्यासाठी सोनार आणि हार्ड ल्यूर, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक खोटं आमिष, घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने पैसे मोजण्याआधी एक गोष्ट करावी. यंत्राचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात बुडवायचा भाग, पाण्याबाहेर काढावा आणि पडद्याकडे बघावं. तरीही मासे पोहताना दिसत राहिले, तर यंत्र डेमोवर चाललंय, पाण्याखालचं काहीही ते दाखवत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला ते धरमतरच्या खाडीत कळलं, आणि तेही ज्या माणसाला मी दिवसाचे पैसे आगाऊ दिले होते त्याच्यासमोर.

मी पवईचा. तलावावर कणकेचे गोळे लावून रोहू आणि कटला काढत आमची अख्खी पिढी वाढली. १८९१ मध्ये बांधून झालेल्या त्या तलावाचं पाणी आज पिण्याच्या लायकीचं नाही, गाळ आणि सांडपाणी त्यात किती आहे ते काठावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मगरी आहेत, जलपर्णी आहे. रोहू-कटला काही लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या माशामागे धावत नाहीत. मरळ धावते, पण ती बसते वनस्पतींच्या दाटीत. तिथे उघड्या तीन टोकांच्या गऱ्या लटकणारं ल्यूर फेकलं की हातात जलपर्णीचा गुंता येतो. मरळीला गरी झाकलेला रबरी बेडूकच बरा. म्हणून हार्ड ल्यूरचा खरा मासा शोधायचा तर खाडीत जावं लागतं, जिताड्याकडे.

दुकानात मी हे सगळं सांगितलं होतं. तरी दुकानदाराने क्रँकबेट, म्हणजे खोल बुडणारं हार्ड ल्यूर, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "सर, पवईला पण चालतं, खाडीला पण चालतं." काउंटरवर सोनारचा पडदा चालू होता, त्यात मासेच मासे. दुकानात डेमो चालवणं ठीक आहे, त्यात मी काही वावगं मानत नाही. पण "मी स्वतः नेतो, मासा दाखवून देतो, मग यंत्र घ्या" असं म्हणून त्याने जे केलं, ते ठीक नव्हतं.

पेणच्या बाजूने होडी केली होती. होडी चालवायला तिथलेच एक काका होते. पुढे बसून हा पडद्यावर बोट ठेवत होता: "बघा, तीन मीटरवर मोठा आहे. सर, टाका." मी टाकत होतो. लागत नव्हतं. "ल्यूर चुकतंय. हे घ्या, सोनेरी." ते घेतलं. "आता मासा खाली गेला, खोल जाणारं घ्या." तेही घेतलं. प्रत्येक ल्यूर विकतच होतं आणि प्रत्येक वेळी दोष माझ्या हाताचा होता. काका एकदा हळूच म्हणाले, "हितं नाय जितारा. पानी उतरंल तवा उघारीच्या तोंडाशी बग." याने त्यांना गप्प केलं.

मग ट्रान्सड्यूसरच्या दांड्यात प्लास्टिकची पिशवी अडकली. तो दांडा उचलून पिशवी सोडवायला लागला. दांडा हवेत, त्यावरून पाणी निथळतंय, आणि पडद्यावर माशांची चिन्हं तशीच उजवीकडून डावीकडे सरकतायत. तळाची रेघसुद्धा झोकात वरखाली होतेय. मी आधी पडद्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे, मग त्याच्याकडे. त्याने पटकन दांडा पाण्यात घातला आणि "नेटवर्क अडकतं कधी कधी" म्हणाला. सोनारला नेटवर्क! ते आवाजाची लहर खाली सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. हवेत धरल्यावर त्याला ना तळ दिसेल ना मासा. मी मेन्यू उघडायला मागितला तर म्हणाला, "सेटिंग बिघडेल, वॉरंटी जाईल." तो क्षण अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याने निदान कबूल केलं असतं तरी मी एवढा चिडलो नसतो.

तर सोनारबद्दल. खऱ्या यंत्रातही माशाच्या चिन्हांवर विसंबू नका, ती बंद करा. चिखलातून सुटणारे बुडबुडे, वाहत जाणारा पाला, पिशव्या, या सगळ्यांना यंत्र मासा ठरवतं, आणि आपल्या खाड्यांत या तिन्हींची कमी नाही. चिन्हं बंद केली की कच्चा प्रतिध्वनी दिसतो. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळा इतिहास. होडी पुढे गेलेली असते, आणि आपण मागे राहिलेल्या माशावर ल्यूर फेकत बसतो. सोनारची लहर खाली शंकूसारखी पसरते; मासा त्या शंकूतून आरपार गेला तर कमान उमटते. होडी स्थिर असेल तर बुडालेला ओंडकासुद्धा लांब आडवी रेघ काढतो.

शंकूचं गणित तर दुकानदाराने सांगायलाच हवं. २० अंशांच्या शंकूत ३ मीटर पाण्याच्या तळाशी जेमतेम १ मीटर रुंदीचा गोल दिसतो. ६० अंशांचा असला तरी साडेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे उथळ खाडीत होडीच्या बुडाखालचा तुकडाच कळतो, आणि जिताडा तर तिवरांच्या मुळांशी, काठाला बसलेला असतो. २०१८ मध्ये गार्मिनने लाइव्हस्कोप आणल्यापासून पुढे बघणारी सोनार मिळतात. त्यात ल्यूरमागे येणारा मासासुद्धा दिसतो, पण किंमत बघून घ्या. साध्या सोनारचा खाडीत खरा उपयोग वेगळा आहे: वळणावरचे डोह, पुलाच्या खांबाजवळची खोली, कडक तळ कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो. कडक तळाची रेघ ठसठशीत येते, त्याखाली कधी दुसरा प्रतिध्वनीही दिसतो. मऊ चिखलाचा पट्टा फिकट येतो. यंत्राची खोली खरी की खोटी, हे बघायला दोरीला शिसं बांधून खाली सोडा. उथळ पाण्यात काही यंत्रं दुसऱ्या प्रतिध्वनीला तळ समजतात आणि दुप्पट खोली दाखवतात.

आता ल्यूर. रंगाची चर्चा सगळ्यात शेवटी करा. आधी तरंगतं, अधांतरी थांबतं की बुडतं ते विचारा, आणि मग ओठाकडे, म्हणजे तोंडाखालच्या पातीकडे बघा. पाती लहान आणि उभी असेल तर ल्यूर वरवर चालतं, लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर खोल जातं. दीड मीटर पाण्यात चार मीटर जाणारं ल्यूर चिखलच नांगरणार. पेट्यांवरचे आकडे आणि चित्रं बहुतेक अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या बास माशाची असतात. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे घरच्या बादलीत अधांतरी राहणारं ल्यूर खाडीत वर येऊ लागतं. गोड्या पाण्याच्या बाससाठी बसवलेल्या बारीक गऱ्या जिताडा चिरडून सरळ करतो. जाड, खाऱ्या पाण्याच्या गऱ्या आणि दणकट स्प्लिट रिंगा घाला, पण वजन वाढतं, म्हणून त्या बसवल्यावर पुन्हा पाण्यात सोडून बघा. लीडर, म्हणजे ल्यूरला जोडलेला शेवटचा जाड दोरा, ४० ते ६० पाउंडांचा तरी हवा. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण इतकं धारदार असतं की बारीक दोरा जागीच कापला जातो. हाताने तिथे धरू नका, लांब पक्कड न्या.

ल्यूर एका बाजूला तिरकं पळत असेल तर नाकातली कडी उलट बाजूला अगदी किंचित वाकवा. १९३६ च्या सुमारास फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी बुचाचा मासा चाकूने कोरला, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वर वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा लेप दिला. त्यांचं सगळं लक्ष होतं ते जखमी माशासारखं डगमगण्यावर. आमच्या महाशयांनी मात्र मला चार सोनेरी रंगांतला फरक समजावला.

आणि काकांचं ऐका. खारेपाटात बांधांना उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, असतात. ओहोटीला त्यांच्यातून पाणी खाडीत पडतं, पाण्याबरोबर बारीक बोयटं आणि कोळंबी येते, आणि जिताडा तोंडाशी टपून असतो. बोयटाच्या मापाचा तरंगता मिनो, म्हणजे लहान माशासारखं निमुळतं ल्यूर, प्रवाहाच्या कडेला टाका, दोन झटके द्या आणि थांबा. झडप बहुधा थांब्यातच पडते. घाई करून ओढणाऱ्याला काही मिळत नाही. मला जिताडा पुढे त्या काकांबरोबर जाऊन मिळाला. यंत्राशिवाय.

मोठा लागला तर सोडून द्या ही माझी विनंती. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे थोराड मासा बहुधा अंड्यांवर येणारी मादी. आमच्या तज्ज्ञांना हेही ठाऊक नव्हतं.

शेवटी पैशाचं. गाइडचा मोबदला आणि सामानाची किंमत वेगळी ठरवा, होडीत बसल्यावर एकही वस्तू विकत घेऊ नका.  सोनार घेताना बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि पहिल्यांदा चालू करताना दुकानदारासमोर मेन्यूत जाऊन डेमो बंद करा. तो आढेवेढे घेत असेल तर तिथूनच उठा. पैसे परत मागितले तेव्हा मला त्याने फोनवर सांगितलं की सरांना गळ टाकता येत नाही, आणि पुढे तेच तो चार जणांत सांगत फिरला. माझ्याकडे त्याचं कच्चं बिल आहे, त्यावर "मासेमारी सामान" एवढंच लिहिलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे फोन करायची वेळ आली तर हातात पक्कं बिल असू द्या.